दुसऱ्या हाताला खेळवून बघ

१२ जानेवारी

गेमकाकांना नमस्कार, काकूंना नमस्कार, आणि दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एक बिस्किट.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, पोस्टरच! एका पानावर आठ ओळी? पाच पानं उलटली तेव्हा कुठं कळलं की काकूंचा गुडघा बरा आहे आणि तुम्ही मिक्सर-पंखे दुरुस्तीला घेणं कमी केलंय. आमचे ड्रायव्हरसाहेब बस लावून घरी आले, पानं बघितली आणि म्हणाले, "काका आता भिंती रंगवायला घेणार बहुतेक."

फोनवर बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तीस वर्षं गेम पार्लरमध्ये त्या यंत्रांच्या धडामधुडूमशेजारी बसून तुम्ही कान घालवलेत आणि मोबाईलवरचे निरोप तुम्ही उघडतच नाही. म्हणून हा कागद.

एक काम आहे. माऊसनं माझं मनगट फार दुखतं. तुम्ही मागं विचारलं होतंत, इस्पितळात तू नक्की करतेस काय. ज्या पेशंटला किरण द्यायचे असतात त्याच्या स्कॅनची शे-दीडशे चित्रं माझ्या पडद्यावर येतात. गाठ कुठं आहे ते डॉक्टर आखतात. मी आखते ते गाठीचे सज्जन शेजारी: डोळ्याची नस, मणक्यातला रज्जू, लाळेच्या ग्रंथी. माझ्या रेघेच्या आत किरण कमीत कमी जायला हवेत. थोडक्यात मी कुंपणं घालते, प्रत्येक चित्रावर, माऊसनं. रेघ केसभर सरकली तरी चालत नाही.

दरवर्षी वीस मार्चला आमची परीक्षा असते. सगळ्यांना एकच स्कॅन देतात आणि आमच्या मोठ्या बाई सगळ्यांच्या रेघा एकमेकींवर ठेवून बघतात. जिची रेघ हलली तिला त्या टेबलावरून उठवतात. मागच्या वर्षी एकीला उठवलं, ती आता फायली लावते.

तुमच्या पार्लरमधला तो मोठ्या गोळ्याचा गेम आठवतो? वरून दगड पडायचे आणि खालचं गाव वाचवायचं. मी स्टुलावर उभी राहून तळहातानं गोळा घुमवायचे आणि मागं पोरं खोळंबायची. त्या गोळ्यानं मनगट कधी दुखल्याचं आठवत नाही. तसला गोळा माऊसच्या जागी बसवता येईल का?

तुमची
खारूताई

*

२१ जानेवारी

खारूताईस आशीर्वाद. नेहमीचे सगळे, वर दोन जादा.

तुझं पत्र वाचायला अख्खी दुपार गेली. मुंग्या पाळल्यास का गं? आमच्या खोलीत उजेड कमी, त्यात तुझी ही रांग. जरा मोठं लिहीत जा. मला नावं ठेवतेस, पण माझं पत्र रस्त्यापलीकडूनही वाचता येतं!

गोळा आहे. पार्लर बंद झालं तेव्हा पेट्या भंगारात गेल्या, पण तुझ्या गेमचा गोळा मी चौकटीसकट काढून आणला होता. काकू तो दार अडवायला वापरते. आता दाराला दगड लावू.

बसवता येईल का म्हणतेस! अगं, त्या गोळ्याखाली दोन रूळ असतात, एक आडव्या चालीचा, एक उभ्या चालीचा. रुळाच्या टोकाला खाचांची चकती आणि चकतीपाशी उजेड बघणारा बारका डोळा. गोळा फिरला की चकती फिरते, डोळ्यापुढं उजेड-अंधार, उजेड-अंधार होतं आणि यंत्र ते मोजतं. जुन्या गोळीवाल्या माऊसच्या पोटातही अगदी हेच असतं. मग काय, माऊसचं पोट काढायचं, त्याचे डोळे उपटायचे आणि तिथं आपल्या गोळ्याच्या तारा आणून जोडायच्या. संगणकाला वाटेल माऊसच आलाय. सहा तारा आहेत, दोन विजेच्या, चार चालीच्या. एका दुपारचं काम.

पण माझा नियम तुला पाठ असेल. गिऱ्हाईक यंत्राच्या नावानं ओरडत आलं की आधी दुसऱ्या हाताला खेळवून बघ. दुसऱ्याच्या हातात नीट चाललं तर यंत्र उघडायचं नाही. दुसऱ्याच्या हातातही अडलं तर गिऱ्हाइकाला बोल लावायचा नाही. म्हणून विचारतो, तुझा तो माऊस शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या हातात कसा चालतो?

मनगटच ना गं? दादाची आठवण येते म्हणून विचारलं. रागावू नकोस.

तुझा
गेमकाका

*

२ फेब्रुवारी

काका,

तुमच्या प्रश्नाला आधी खोटं उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं.

शेजारच्या बाईच्या हातात माझा माऊस झकास चालतो. मनगट दुखत नाही. माझा उजवा अंगठा आणि पहिलं बोट हलतात. हात मांडीवर नुसता ठेवला की सुरू होतं, गोळी वळत असल्यासारखं. बाबा पेपर वाचताना करायचे तसंच. तुम्हाला वेगळं सांगायला नको, शेवटची दोन वर्षं त्यांना घास तुम्हीच भरवलात.

काम करताना हात चालता असला तर ठीक असतं. पण एखाद्या जागेवर बाण थांबवून बटण दाबायचं म्हटलं की माऊसच थरथरतो आणि बाण उडी मारतो. मग पुसायचं, पुन्हा आखायचं. पूर्वी दोन तासांत होणाऱ्या कामाला आता चार लागतात. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जातात तेव्हा मी बसून पुसलेलं पुन्हा काढते. मोठ्या बाई परवा जाता जाता म्हणाल्या, "हल्ली फार मन लावून करताय." मी हसले, हात खिशात घातला.

मला भीती वाटते काका. सरळ लिहिते कारण तोंडानं हे कुणालाच सांगितलेलं नाही. ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरपुढं नेऊन बसवतील आणि डॉक्टर तो शब्द उच्चारतील. उच्चारला नाही तोवर तो नाही, असं मी धरून चाललेय. शहामृगाची अक्कल म्हणा. वीस मार्च एकदा पार पडू दे.

काकूंना सांगू नका. वाचून झालं की हे पत्र फाडून टाका.

खारूताई

*

१७ फेब्रुवारी

खारूताई,

पत्र वाचलं. काकूला काही बोललो नाही. तुझी आण मोडणार नाही, पण मला ती जड जातेय हे ऐकून ठेव.

पार्सल जपून उघड. लाकडी खोका मी केलाय, कोपरे घासलेत. गोळा जड आहे आणि त्यातच सगळी गंमत आहे. बोटाच्या थरथरीनं तो हलायचा नाही, त्याला तळव्याचा रेटा लागतो. बाण जागेवर आणलास की हात उचलून घ्यायचा. बाण तिथंच थांबतो. मग डावीकडचं ते लाल बटण डाव्या हातानं दाबायचं. गेमचंच बटण आहे, चुकून लागत नाही.

तारा पट्टीत स्क्रूनं आवळल्यात. तपासून पाठवलाय. माझ्या हातून तार चुकत नाही हे तू जाणतेसच.

पण खारूताई, गोळा म्हणजे औषध नव्हे. दादानं एक वर्ष लपवलं होतं. ते वर्ष फुकट गेलं असं तेव्हाच्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं. तुला कधी बोललो नव्हतो.

गेमकाका

*

२६ फेब्रुवारी

काका,

गोळा मिळाला. इतका सुंदर आहे की मी त्याला गाल लावला. जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला, ड्रायव्हरसाहेब ड्यूटीवर होते, आणि गोळ्यावर हात ठेवला.

डावीकडे घुमवला, बाण डावीकडे गेला. उजवीकडे घुमवला, उजवीकडे गेला. मग वर ढकलला आणि बाण खाली गेला. मी हात काढला. पुन्हा वर ढकलला, पुन्हा खाली. खाली ओढला तर वर. हळू करून बघितलं, डोळे मिटून हात नीट ठेवून बघितलं, उभी राहून बघितलं. दहादा तेच.

तुमच्या हातून तार चुकणं शक्य नाही. पार्लरमध्ये वीज गेलेली असताना तुम्ही नुसत्या बोटांनी तारा जोडलेल्या मी पाहिल्यात. म्हणजे चूक माझ्या बाजूला आहे. मला वाटतं मी वर ढकलतेय आणि माझा हात खाली ओढतोय.

बाबांचं शेवटी काय झालं होतं ते आठवतं ना? सदऱ्याच्या बाहीत पाय घालायला जायचे. "दादा, वर बघ" म्हटलं की जमिनीकडे बघायचे. तेव्हा मी माजघरात जाऊन हसले होते काका. एकवीस वर्षांची होते, रडण्याऐवजी हसू आलं. त्याचंच हे फळ असेल का? मूर्खासारखं लिहितेय, पण काल दिवसभर हेच डोक्यात होतं. बोटं गेली तर गेली. डोकं गेलं तर मी काय करायचं?

गोळा मी कपाटात साड्यांमागं ठेवलाय, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. रोज घरी एकटी असले की काढते आणि अर्धा तास सराव करते. डोकं उलटं झालं असेल तर त्याला उलटंच शिकवायचं. थोडं जमायला लागलंय. लवकर लिहा.

खारूताई

*

९ मार्च

काका, तुमचं उत्तर नाही. तुम्ही कधी इतके दिवस लावत नाही. बरे आहात ना?

शुक्रवारी कामावर एक गोष्ट घडली. एक पेशंट आहेत, शाळेत शिकवतात, चष्मा डोक्यावर ठेवतात आणि सगळ्यांना विचारतात कुणी पाहिला का. त्यांच्या डोळ्याच्या नसेचं कुंपण मी आखत होते, माऊसनं. एक टोक जरा वर घ्यायचं होतं. माझा हात खाली गेला. गोळ्याची उलटी सवय! त्यातच बोट थरथरलं आणि बटण दाबलं गेलं. मी ते बघितलं नाही. वर घेतलं अशा समजुतीत पुढच्या चित्रावर गेले.

शनिवारी सकाळी फाईल डॉक्टरांकडे जायच्या आधी सहज पुन्हा उघडली. कुंपण खाली घसरलं होतं आणि अर्धी नस बाहेर, उघडी. मग नीट केलं. डॉक्टर नंतर तपासतातच, त्यांनी धरलं असतं. धरलं असतं ना? कुणाला काही कळलेलं नाही. कळलेलं नाही, हेच मला आता सगळ्यात भीतीचं वाटतंय.

त्या बाई आज भेटल्या. चष्मा शोधत होत्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

लिहा हो काका.

*

१३ मार्च, तातडीच्या टपालानं

खारूताई,

हे अक्षर काकूचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय, आणि मधे मधे माझ्यावर डोळे वटारतेय. (वटारणारच. एक वर्ष मला फसवलंय यांनी. — काकू)

तुझं सव्वीस तारखेचं पत्र आलं. मी भिंग घेऊन खिडकीत बसलो. एक शब्द लागला नाही. आता ऐक, मीही तुझ्यापासून लपवलंय. वर्षभर मला सगळं गढूळ पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय. दिव्याभोवती कडी दिसतात. मोठं अक्षर हौसेनं काढत नव्हतो गं, बारीक काढलेलं मलाच दिसत नाही. मिक्सर घेणं बंद केलं ते त्याचसाठी. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण आमच्या ओळखीच्या सुताराचा डोळा ऑपरेशननंतर गेला. माझे कान तर गेलेतच. डोळेही गेले तर तुझं पत्र माझ्यापर्यंत कुठल्या दारानं येणार? या भीतीनं मी हातपाय गाळून बसलो होतो.

तुझं पत्र वाचता आलं नाही तेव्हा वाटलं, संपलं, डोळे गेले. पत्र दहा दिवस उशीखाली ठेवलं. काल दुसरं आलं. तेही लागेना. शेवटी दोन्ही घेऊन काकूपुढं गेलो. तिनं चष्मा लावला, कागद उन्हात धरला आणि म्हणाली, "मलाही लागत नाही. काय लिहिलंय हे, मोहरी सांडलीय नुसती." मग मी ट्रंकेतून तुझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र काढून तिच्या हातात दिलं. ते तिनं घडाघडा वाचलं. भिंगानं मलाही चार ओळी लागल्या.

तेव्हा माझाच नियम माझ्या टाळक्यात बसला. दुसऱ्या हाताला खेळवून बघ. माझे डोळे अधू आहेत हे खरं, पण तुझं पत्रही बिघडलेलं आहे.

मग तिनं भिंग लावून एकेक शब्द उलगडून मला कानात ओरडून सांगितला. शेजारपाजार सगळा जमला असेल. (जमला नाही. मी हळू ओरडते. — काकू)

आधी गोळ्याचं. तुझं डोकं जागेवर आहे. चूक माझी आहे. उभ्या चालीच्या दोन तारा असतात, एक निळी, एक जांभळी. त्यांची अदलाबदल झाली की वरचं खाली आणि खालचं वर होतं. कुणीही शिकाऊ मेकॅनिक सांगेल. मला त्या दोन्ही सारख्याच काळपट दिसत होत्या. एक उचलली आणि अंदाजानं लावली. आणि तपासला म्हणून लिहिलं ते खोटं. माझ्याकडे संगणक कुठला? पलीकडच्या टायपिंगच्या दुकानात नेऊन काकूला गोळ्यावर बसवणार होतो. पण तार चुकली असती तर तिला कळलं असतं की मला रंग दिसत नाहीत. म्हणून बसवलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा एक यंत्र दुसऱ्या हाताखालून न काढता दारातून बाहेर सोडलं, आणि ते सोडलं कुणाकडे तर तुझ्याकडे. माझ्या त्या तारेपायी तू पंधरा दिवस जे भोगलंस आणि त्या बाईंच्या डोळ्यावर जे येऊ घातलं होतं, त्याची मला शरम वाटते. यापेक्षा जास्त काय लिहू.

पण तू तरी काय केलंस? गोळा साड्यांमागं! ड्रायव्हरला एकदा हात लावू दिला असतास तर एका मिनिटात उलगडा झाला असता. दोघंही एकाच माळेचे मणी आहोत आपण.

आता दुसरं. तार माझी, पण अक्षर तुझं आहे. दादाचा हात हलायच्या आधी त्याचं अक्षर बारीक झालं होतं. आम्ही त्याला चिडवायचो, शाई वाचवतोस का म्हणून. हे मी जानेवारीत ओळखायला हवं होतं. माझ्या डोळ्यांवर ढकललं. ढकलायला बरं होतं.

आज ड्रायव्हरला गोळ्यावर बसव. उद्या डॉक्टरकडे जा. तू गेलीस तर मीही जाईन, ही माझी अट. (अट-बिट काही नाही. परवा सकाळी मी यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेतेय, दोरी बांधून न्यावं लागलं तरी. तू जा गं बाई. घाबरत घाबरत जा, पण जा. — काकू)

गेमकाका

*

२३ मार्च

काका, काकू,

मोठं लिहायचा प्रयत्न करतेय. पहिल्या दोन ओळी जमतात, मग पुन्हा आकसतं. काकू, भिंग घ्या.

पत्र सोळा तारखेला आलं. ड्रायव्हरसाहेब जेवत होते. मी साड्यांमागून गोळा काढून त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "हा वर ढकला." त्यांनी ढकलला. बाण खाली गेला. ते म्हणाले, "अगं, हे उलटं लावलंय कुणीतरी." एवढंच. मला हसू फुटलं आणि त्यातच रडू. त्यांना काही कळेना, हातात घास तसाच.

मग सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "दोन महिने बघतोय मी. झोपलीस की तुझं बोट थांबतं, जागी झालीस की सुरू होतं. तू सांगशील म्हणून थांबलो. मला विचारायची हिंमत झाली नाही." आणि मग माझ्यावर ओरडले, लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं. रोज साठ माणसं बसमधून नेणारा माणूस, पण भीतीनं त्याचा आवाज फाटला होता. मग त्यांनी स्क्रू ढिले केले. मी रंग सांगितले, त्यांनी निळीच्या जागी जांभळी आणि जांभळीच्या जागी निळी आवळली. बाण वर गेला.

अठराला मोठ्या बाईंकडे गेले. हात खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि तो जे करतो ते करू दिलं. सहा मार्चची रेघही सांगितली. आधी त्यांनी त्या शिक्षिकेची फाईल उघडली आणि एकेक चित्र तपासलं. मी समोर उभी. शंभर चित्रं काका, आणि त्या एकही घाईनं बघत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "हे ठीक आहे. पण हे मला आज कळतंय, हे ठीक नाही." ते बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

तोवरची माझी इतर कामंही त्यांनी मागवून घेतली. मग विचारलं, "त्या गोळ्यावर परीक्षा द्याल?" वीस तारखेला मी खोका घेऊन गेले. शेजारची बाई म्हणाली, "हे काय, गेम खेळायला आलात?" मी म्हटलं, "हो. गाव वाचवायचंय." तळव्यानं बाण नेला, हात उचलला, डाव्या हातानं लाल बटण. बाण जागचा हलला नाही. बोटं हवेत त्यांचं त्यांचं करत राहिली, रेघेला त्याचा पत्ता नव्हता. मोठ्या बाईंनी रेघा एकमेकींवर ठेवल्या. माझी त्यांच्यातच मिसळली होती.

तरी त्यांनी सांगितलंय, यापुढं माझी एकही रेघ दुसऱ्या हातानं तपासल्याशिवाय पुढं जाणार नाही. डोळ्याची नस आणि मणका तर मी एकटीनं आखायचाच नाही. आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा. मी म्हटलं, तो नियम मला लहानपणापासून पाठ आहे.

ड्रायव्हरसाहेब मला डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी कागद दिला आणि एकच वाक्य दहादा लिहायला लावलं. दहावी ओळ पहिलीच्या निम्मी निघाली. मग त्यांनी तो शब्द उच्चारला. कंपवात. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, पुष्कळ वर्षं कामाची आहेत, असं बरंच बोलले. ते सगळं ड्रायव्हरसाहेबांनी ऐकलं. मला पहिल्या शब्दापुढं काही ऐकूच आलं नाही. रात्रंदिवस ज्याला टाळत होते तो समोर येऊन बसला आणि मी तिथंच होते, खुर्चीत, पर्स मांडीवर.

तुमच्या डोळ्यांचं काय झालं ते लिहा. लगेच लिहा. आता मी तुमच्यासाठी घाबरलेय.

खारूताई

*

२२ एप्रिल

खारूताईस आशीर्वाद.

अक्षर बघ. पानावर वीस ओळी. मोजून घे.

मोतीबिंदू निघाला, दोन्हीकडे. उजवा इतका पिकला होता की डॉक्टर मला वाट्टेल ते बोलला. बरं झालं ऐकू आलं नाही, काकूनं सगळं कागदावर लिहून दाखवलं, ठळक अक्षरात, खाली रेघ मारून. उजव्याचं ऑपरेशन झालं. आत जाताना पाय इतके कापत होते की नर्स म्हणाली, आजोबा, तुम्हाला कंपवात आहे का? काकूनं तिला असं बघितलं की ती बिचारी पळालीच.

पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा काकूची साडी बघितली. वर्षभर मी तिला राखाडी समजत होतो. पोपटी आहे. घरी आलो आणि तारांची डबी उघडली. निळी आणि जांभळी शेजारी शेजारी ठेवली. केवढा फरक आहे गं! कुणालाही दिसेल. मला दिसला नव्हता.

मग तुझी पत्रं काढली आणि तारखेनं ओळीत मांडली. दोन वर्षांपूर्वीचं, मागच्या दिवाळीचं, दिवाळी अंकाएवढ्या जाड पाकिटातलं, जानेवारीचं, फेब्रुवारीचं, मार्चचं. नव्या डोळ्यानं बघितलं. पायऱ्या उतरत जावं तसं अक्षर खाली खाली गेलंय. मी रडलो. ऑपरेशनच्या डोळ्यानं रडायचं नाही म्हणून काकू ओरडली, तरी रडलो. माझं भय एका दुपारच्या ऑपरेशनचं निघालं. तुझं तसं नाही. हे मला सहन होत नाही. तुझ्या जागी माझा हात हलायला हवा होता, माझं आता काय अडलंय?

दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात. त्यानंतर गोळ्याचे रूळ साफ करायला मी स्वतः येणार आहे. तेल घालू नकोस. कुणी घालतो म्हणालं तरी घालू देऊ नकोस.

गेमकाका

*

५ मे

काका,

हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणायला लावलीय. अक्षर वरच्या रेघेला टेकलं पाहिजे आणि खालच्या रेघेलाही. मोठं लिहिलं की हाताला मोठं लिहायची आठवण राहते म्हणे.

रोज एक पान. आज विचार केला, व्यायामाला "कमळ बघ" लिहिण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं.

गोळ्या सुरू आहेत. बोट कमी हलतं, थांबलेलं नाही. भीतीही थांबलेली नाही. सकाळी उठल्यावर आधी हाताकडे बघते. त्या शिक्षिकेचे किरण देऊन झाले. जाताना चष्मा माझ्याच टेबलावर विसरल्या. मी जिन्यापर्यंत धावत जाऊन दिला.

गोळ्याला तेल घातलेलं नाही. तुम्ही आल्यावर आधी तुम्ही खेळा, मग मी.

पोस्टर म्हणून चिडवलं होतं ना तुम्हाला? या वहीच्या एका पानावर किती ओळी बसतात मोजल्या.

आठ.

वाचता आलं ना काका? मलाही लिहिता आलं.

खारूताई